आंकड्यांचीं टोपणनांवें



आंकडा ही मनुष्यानें निर्माण केलेली सर्वांत रुक्ष वस्तु आहे, असें पुष्कळांचें मत असतें. शाळेंत पाढ्यांपासून जी धास्ती बसते ती पुढें घरखर्चाच्या वहीपर्यंत पुरते. अशा या रुक्ष आंकड्यांना कोणीं लाडकीं नांवें ठेवलीं असतील, एकाला ‘बदक’ म्हटलें असेल, दुसऱ्याला ‘बागेचें फाटक’, तिसऱ्याला ‘डॉक्टरचा हुकूम’, हें सांगूनही खरें वाटूं नये. परंतु इंग्लंडांतील एका खेळांत एकापासून नव्वदापर्यंतच्या बहुतेक प्रत्येक आंकड्याला असें टोपणनांव आहे. त्या खेळास तिकडे ‘बिंगो’ म्हणतात. आपल्याकडे जिमखान्यांत, लष्करी क्लबांत आणि अलीकडे गणेशोत्सवाच्या मांडवांतही तो ‘तांबोला’ किंवा ‘हाउझी’ या नांवानें परिचित आहे. तीं टोपणनांवें कोणतीं, कोठून आलीं, आणि आपण त्यांच्याकडे कां लक्ष द्यावें, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

प्रथम खेळाची रीत थोडक्यांत सांगतों. प्रत्येक खेळाडूजवळ एक तिकीट असतें. त्यावर तीन आडव्या ओळी व नऊ उभे रकाने, मिळून २७ घरें. पैकीं १५ घरांत आंकडे आणि बाकीचीं रिकामीं. अशीं सहा तिकिटें नीट जुळवून छापलीं म्हणजे १ ते ९० हे सर्व आंकडे त्यांत एकेकदांच येतात. पुकारणारा पिशवींतून एकेक आंकडा काढून मोठ्यानें सांगतो. ज्याच्या तिकिटावर तो असेल तो खोडतो. ज्याचें तिकीट आधीं पुरें होईल तो ओरडून तसें सांगतो व बक्षीस घेतो. यांत बुद्धीचें काम नाहीं, हातचलाखी नाहीं. कान मात्र तयार पाहिजेत.

आणि टोपणनांवांचें पहिलें कारण या कानांतच आहे. इंग्रजींत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे आंकडे गलबल्यांत सारखेच ऐकूं येतात. आपल्याकडे तरी काय निराळें आहे? ‘सात’ सांगावें आणि मागच्या बाकावरच्या मुलानें ‘साठ’ लिहावें, हा प्रत्येक शिक्षकाचा नित्याचा अनुभव. ज्या खोलींत दोनशें माणसें बसलीं आहेत, चहाचे पेले वाजत आहेत आणि प्रत्येकाचा पैसा पणाला लागला आहे, तेथें असा घोटाळा झाला तर भांडणावर प्रसंग यावयाचा. म्हणून पुकारणारा आधीं टोपणनांव घेतो, मग आंकडा सांगतो. एक चुकलें तरी दुसरें सांवरून घेतें.

ही युक्ति आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. आपल्या ज्योतिषग्रंथांत व शिलालेखांत संख्या शब्दांनीं सांगण्याची पद्धति आहे: चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नि तीन, वेद चार, बाण पांच, रस सहा, मुनि सात, वसु आठ आणि आकाश म्हणजे शून्य. आंकडा लिहितांना लेखकाच्या हातून चूक होण्याचा संभव फार. परंतु शब्द एकदां वृत्तांत बसला कीं त्याला सहजासहजीं हलतां येत नाहीं. एकीकडे विद्वान् ज्योतिषी, दुसरीकडे लंडनचा आंकडे पुकारणारा. दोघांची अडचण एकच आणि तोडगाही एकाच जातीचा. फरक एवढाच कीं, ज्योतिष्यानें उपमा आकाशांतून आणल्या आणि पुकारणाऱ्यानें त्या रस्त्यावरून उचलल्या.

या खेळाचें मूळ इटलींत आहे. जेनोआच्या गणराज्यांत राज्यसभेवर घ्यावयाचे पांच गृहस्थ चिठ्ठ्या टाकून निवडीत, आणि कोणाचें नांव निघेल यावर लोक पैजा लावीत. पुढें नांवें गेलीं आणि त्यांच्या जागीं १ ते ९० हे आंकडे आले. त्याच इटलींत नेपल्स शहरीं ‘स्मॉर्फिया’ नांवाचें एक कोष्टक रूढ आहे. स्वप्नांत जें दिसेल त्याचा आंकडा त्यांत पाहावयाचा आणि सोडतींत त्यावर पैसे लावावयाचे. वेडा दिसला तर २२, मेलेला मनुष्य दिसला तर ४७. पण तोच मेलेला बोलूं लागला तर ४८. नाताळ २५, ख्रिस्ताच्या वयाचीं वर्षें ३३, आणि भीति वाटली तर थेट ९०. सतरा म्हणजे दुर्दैव. रोमन पद्धतीनें सतरा लिहिण्याचीं चार अक्षरें फिरवून मांडलीं तर लॅटिन भाषेंत ‘मी जगलों’ असा शब्द होतो. आणि ‘मी जगलों’ म्हणणारा आतां जिवंत नाहीं हें उघडच आहे! स्वप्नाचा आंकडा करावयाचा हा नेपल्सचा स्वभाव. आंकड्याचा विनोद करावयाचा हा इंग्रजांचा.

इंग्लंडांत हा खेळ वाढला तो मुख्यतः सैन्यांत आणि आरमारांत. आरमारी लोक त्यास ‘टोंबोला’ म्हणत, पायदळ ‘हाउस’ म्हणे. आपल्याकडचीं दोन्ही नांवें त्यांच्याचकडून आलीं. पैशावर खेळावयाचे इतर खेळ सैन्यांत निषिद्ध असत, परंतु या खेळाकडे अधिकारी काणाडोळा करीत, किंबहुना त्याला परवानगी देत. पुढें १९६० सालीं इंग्लंडांत जुगारविषयक नवा कायदा झाला. तो १९६१ च्या आरंभीं अमलांत येतांच, बोलपटांचीं ओस पडूं लागलेलीं मोठमोठीं नाट्यगृहें या खेळानें भरून गेलीं. कामकरी वर्गांतील स्त्रियांस संध्याकाळीं निर्धास्तपणें जाऊन बसतां येईल अशी ती एक जागा झाली. अशा रीतीनें शिपायाच्या तोंडचीं नांवें गृहिणीच्या तोंडीं आलीं.

आतां हीं नांवें कशीं पडलीं तें पाहूं. कांहीं केवळ आकृतीवरून पडलीं. इंग्रजी २ हा आंकडा मान वळवून पोहणाऱ्या बदकासारखा दिसतो. म्हणून २२ म्हणजे ‘दोन छोटीं बदकें’. पुकारणाऱ्यानें तें नांव उच्चारतांच सारें सभागृह बदकासारखें ‘क्वॅक् क्वॅक्’ करतें. ११ म्हणजे ‘दोन पाय’, आणि ८८ म्हणजे ‘दोन जाड्या बाया’. कांहीं नांवें यमकांतून आलीं. ‘एट’ला ‘गार्डन गेट’, म्हणजे बागेचें फाटक. ‘फोर’ला ‘नॉक अ‍ॅट द डोअर’, म्हणजे दारावर थाप. ‘सिक्स्टी-सिक्स’ला ‘क्लिकेटी-क्लिक’, ज्याला अर्थच नाहीं, नुसता ठेका आहे. ‘टेन’ला ‘डेन’ म्हणजे गुहा. आणि इंग्लंडच्या पंतप्रधानांचें बिऱ्हाड डाउनिंग रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरांत असल्यामुळें, जो कोणी त्या वेळीं पंतप्रधान असेल त्याच्या नांवाची ती गुहा! सरकार बदललें कीं दुसऱ्या दिवशीं खेळांतील नांवही बदलतें. कांहीं नांवें पुस्तकांतून आलीं. ३९ म्हणजे ‘पायऱ्या’. कारण जॉन बकन यांची ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ ही कादंबरी १९१५ सालीं निघाली, आणि १९३५ सालीं हिचकॉक यांनीं तिचा बोलपट केला.

परंतु माझ्या मतें सर्वांत मोलाचीं नांवें तीं, ज्यांत सामान्य माणसाचें जगणें सांठून राहिलें आहे. नऊ या आंकड्याला ‘डॉक्टरचा हुकूम’ म्हणतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत लष्करी डॉक्टरच्या पेटींत ‘नंबर ९’ नांवाची एक गोळी असे. ती जुलाबाची. शिपायाचें डोकें दुखो, पाय मुरगळो, कीं खंदकांतील चिखलानें अंग मोडून येवो. डॉक्टरचा हुकूम ठरलेला: ‘नंबर ९ घे आणि कामावर जा.’ त्या युद्धाचे इतिहास अनेक खंडांत लिहिले गेले आहेत. परंतु ज्याला कोणी विचारीत नव्हतें त्या शिपायाची तक्रार या दोन शब्दांत राहिली आहे. आज हें नांव ऐकून हंसणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ती गोळी ठाऊक असेल.

२१ म्हणजे ‘दाराची किल्ली’. पूर्वीं इंग्लंडांत एकविसाव्या वर्षीं मनुष्य कायद्यानें सज्ञान होई, आणि त्या दिवशीं घराच्या दाराची किल्ली त्याच्या हातीं देण्याचा प्रघात होता. १९६९ च्या कायद्यानें, १९७० च्या आरंभापासून, सज्ञान होण्याचें वय १८ झालें. वय खालीं आलें, पण किल्ली अजून एकविसाच्याच हातीं आहे. ६५ म्हणजे ‘म्हातारपणचें वेतन’. कारण पुरुषांस सरकारी वृद्धवेतन पासष्टाव्या वर्षीं मिळे. २०२० च्या अखेरीस तें वय ६६ झालें, तरी खेळांतील म्हातारा ६५ वरच वेतन घेतो. २६ ला ‘अर्धा क्राउन’ म्हणत, कारण त्या नाण्याची किंमत दोन शिलिंग आणि सहा पेन्स. १९६९ च्या अखेरीस तें नाणें बाद झालें आणि १९७१ च्या फेब्रुवारींत इंग्लंडनें दशमान नाणीं स्वीकारलीं. नाणें गेलें, नांव मागें राहिलें.

हें आपल्यालाही नवें नाहीं. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशांत आण्यांच्या जागीं नवे पैसे आले. ज्यानें आणा हातांत धरला नाहीं असा तरुणही ‘ही गोष्ट सोळा आणे खरी’ असें आज बिनदिक्कत म्हणतो. फसवणुकीचा गुन्हा १८६० च्या दंडसंहितेच्या ४२० व्या कलमांत होता, म्हणून लबाड मनुष्याला आपण ‘चारशेंवीस’ म्हणूं लागलों. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचें कलम ३१८ झालें. पण लबाडाला ‘तीनशें अठरा’ म्हणून पाहा. कोणाला अर्थबोध होणार नाहीं! सरकार कायदा बदलूं शकतें, टांकसाळ नाणें बदलूं शकते. लोकांच्या तोंडांतील आंकडा बदलणें त्यांच्या हातीं नाहीं.

या इंग्रजी नांवांत आपला संबंध दोन ठिकाणीं येतो. पहिलें ठिकाण ६२. ‘सिक्स्टी-टू’शीं यमक जुळवून त्याला ‘टिकेटी-बू’ म्हणतात. इंग्रजी बोलींत या शब्दाचा अर्थ ‘सर्व यथास्थित आहे’ असा होतो, आणि त्याचें मूळ हिंदींतील ‘ठीक है’ यांत असावें असा कोशकारांचा तर्क आहे. छावणींतून मायदेशीं परतलेल्या गोऱ्या शिपायांनीं जें सामान बरोबर नेलें त्यांत हा शब्दही गेला असला तर नवल नाहीं.

दुसरें ठिकाण ८०. आणि तेथें जरा थांबलें पाहिजे. ८० ला ‘गांधींची न्याहारी’ असें एक टोपणनांव आहे. कोटी अशी कीं, इंग्रजींत ‘एट’ म्हणजे आठ आणि ‘एट’ म्हणजे खाल्लें, पुढें शून्य. ‘एट नथिंग’: कांहींच खाल्लें नाहीं. ज्या महात्म्याच्या उपवासानें सारा देश श्वास रोधून बसत असे, त्याच्या उपवासाचा जुगाराच्या खेळांत असा विनोद व्हावा, हें ऐकून कोणाचें मन दुखावलें तर त्यांत वावगें नाहीं. मीही हें नांव आवडीनें सांगत नाहीं.

परंतु थोडा विचार केला म्हणजे या विनोदाची दुसरी बाजू दिसूं लागते. १९४३ सालीं पुण्यास आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां गांधीजींनीं एकवीस दिवसांचा उपवास केला. १० फेब्रुवारीस आरंभ आणि ३ मार्चला समाप्ति. त्या वेळीं त्यांचें वय ७३ होतें. मांसंबीसारख्या फळाचा थोडा रस घातलेलें पाणी, एवढाच त्यांचा आधार. तिकडे लंडनमध्यें पंतप्रधान चर्चिल यांना या उपवासाविषयीं संशय होता. त्या पाण्यांत ग्लुकोज मिसळलें जातें कीं काय, अशी विचारणा त्यांनीं व्हाइसरॉय लिन्लिथगो यांजकडे केली. आतां हा संशय एका पारड्यांत ठेवा आणि तो खेळांतील विनोद दुसऱ्यांत. ‘गांधींची न्याहारी’ म्हणतांच ज्याला हंसूं येतें त्यानें एक गोष्ट आधींच मान्य केलेली असते कीं, या माणसानें खरोखर कांहीं खाल्लें नाहीं. ती मान्य नसेल तर कोटीच उभी राहत नाहीं. राज्यकर्त्याचा ज्या शब्दावर विश्वास बसला नाहीं, त्यावर त्याच्याच प्रजेंतील विनोद उभा आहे. अवहेलना आणि साक्ष या दोन गोष्टी एकाच तोंडून निघूं शकतात, हें या एका नांवावरून मला पटलें आहे.

सर्वच नांवें टिकावींत असा माझा आग्रह नाहीं. २००८ सालीं सफोक परगण्यांतील सडबरी गांवीं, कोणाचें मन दुखावूं नये म्हणून, ‘दोन जाड्या बाया’ असें पुकारूं नये अशी सूचना झाली, आणि त्यावर वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. ज्याच्यावर विनोद होतो त्यालाही तो सुसह्य असावा, ही अपेक्षा रास्त आहे. खरा धोका निराळा आहे. हल्लीं हा खेळ पुष्कळ लोक घरीं बसून यंत्राच्या पडद्यावर खेळतात. आंकडा पडद्यावर उमटतो आणि तिकिटावरचा आंकडा आपोआप खोडला जातो. पुकारणारा नाहीं, गलबला नाहीं, ऐकण्यांत चूक होण्याचा संभव नाहीं. म्हणून टोपणनांवाची गरज नाहीं. आक्षेपानें एखाददुसरें नांव जातें. शांततेनें तीं सगळींच जातात.

आपल्या घरचें उदाहरण घ्या. विटीदांडूच्या खेळांत अंतर मोजतांना मुलें ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असें म्हणत. हे निरर्थक शब्द नव्हेत. तेलुगु भाषेंत एक, दोन, तीन, चार यांना ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ म्हणतात. मराठी मुलें कित्येक पिढ्या शेजाऱ्याचे आंकडे मोजीत होतीं, आणि आपण तेलुगु बोलत आहों याची त्यांना वार्ताही नव्हती. दोन भाषांच्या जुन्या शेजारधर्माचा हा पुरावा शाळेच्या पुस्तकानें जपला नाहीं. मैदानावरच्या मुलांनीं जपला. आज शहरांतील किती मुलांस हे चार शब्द येतात, हें आपणच आपल्या घरीं विचारून पाहावें.

तेव्हां शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. गणेशोत्सवांत किंवा लग्नघरीं हा खेळ मांडला जातो तेव्हां आपले मराठी पुकारणारेही ‘टू फॅट लेडीज, एटी-एट’ असें इंग्रजींतच पुकारतात. ज्या बायांना आपण कधीं पाहिलें नाहीं, आणि ज्या आपल्या देवनागरी ८८ मध्यें दिसतही नाहींत, त्यांना बोलावण्याचें कारण काय? आपल्या भाषेंत हीं नांवें तयार पडलीं आहेत. आकृतीवरून हवें असेल तर ३६ घ्या: एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दोन शेजारी. ११ म्हणजे ‘नऊ दोन, पळाले!’ १२ म्हणजे ‘वाजले!’ १६ म्हणजे ‘आणे’. १८ ‘गीतेचे अध्याय’, २१ ‘बाप्पाचे मोदक’, २७ ‘नक्षत्रें’, ३३ ‘कोटी देव’, ५२ ‘पत्त्यांचा जोड’, ६४ ‘कला’. साठाला काय म्हणावें हें मी सांगत नाहीं. त्या वयाच्या पलीकडे गेलेल्या मनुष्यानें ‘बुद्धि नाठी’ हें आपल्या तोंडानें कां पुकारावें? आणि ८४ म्हणजे अर्थात् ‘फेरा’.

एक पथ्य मात्र पाळावें. नांव पुकारल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगत बसूं नये. आजीला तो लागलीच कळेल. नातवाला कळणार नाहीं, आणि तो आजीला विचारील. त्या एका प्रश्नासाठीं हा सारा खटाटोप करावयाचा. इंग्रज शिपायाची गोळी, एकविसाव्या वर्षाची किल्ली, आपले सोळा आणे आणि मैदानावरचे वकट-लेंड हे सर्व असेच कोणीं विचारलें आणि कोणीं सांगितलें, म्हणून आपल्यापर्यंत आले. विचारणारा थांबला कीं आंकडा पुन्हां नुसता आंकडा होतो.